राजाची उडी

गणेशोत्सवात सोसायटीच्या फलकावर बुद्धिबळाखाली कंसात ‘पुरुष’ लिहिलेलं होतं. तरी मंदा कदमने नाव दिलं. पेणकरपाड्यातल्या त्या इमारतीत बरीच चर्चा झाली. शेवटी सेक्रेटरी जितेंद्र शहाणे म्हणाले, “खेळा वहिनी. पहिल्या फेरीत माझ्याशीच. पण हरलात तर पुढच्या वर्षी हा हट्ट नको.”

मंदा नुसती हसली. हो म्हणाली नाही.

ती खेळायला शिकली रत्नागिरीकडच्या गावात, वडिलांकडून. गच्चीवरच्या मंडपात डाव रंगला. तिने शहाण्यांचा एक उंट आणि दोन प्यादी मारली, तसे बघे पुढे सरकले. मग राजाभोवती अडचण वाटली म्हणून तिने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे ठेवला.

“भाभी, राजा कूदता नहीं!” कुणीतरी ओरडलं. मंडपभर हशा पिकला.

गावच्या खेळात राजाला शह बसण्याआधी अशी एक उडी मिळते. इथे मिळत नाही, हे मंदाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शहाणे मोठ्या मनाने म्हणाले, “असू दे, चाल परत घ्या. नाहीतर बरोबरी धरू. बाईमाणूस एवढं खेळलं, खूप झालं.”

“घे ना बरोबरी,” तिचा नवरा उत्तम मागून पुटपुटला.

“सोंगटीला हात लावला की तीच हलवायची, हा तुमचा नियम ना?” मंदाने विचारलं.

“हो, पण तुमच्यासाठी...”

“माझ्यासाठी वेगळा नको.”

तिने राजा जागेवर आणला आणि एकच घर सरकवला. त्यामागचा हत्ती उघडा पडला आणि गेला. तरी ती पुढे तासभर झुंजली. शहाण्यांनी दोनदा घाम पुसला. अखेर मात झाली.

“तर मग ठरल्याप्रमाणे...” शहाणे उठत म्हणाले.

“ठरवलं तुम्ही एकट्यानेच. गेल्या वर्षी तुम्ही पहिल्याच फेरीत हरलात. तुम्हाला कुणी घरी बसायला सांगितलं?”

या वेळी हशा पिकला तो शहाण्यांवर.

पुढच्या वर्षी, २००५ साली, तिने पुन्हा नाव दिलं. ते लिहून घेताना शहाण्यांनी विचारलं, “उडी विसरलात ना?”

“विसरेन कशाला? घरी तशीच खेळते. इथे तुम्हाला तुमच्या नियमाने हरवायचंय.”