लहानूची गाडी आणि माझी कानस

“मिस्त्री, आधी निदान मधल्या आंब्याच्या झाडापर्यंत बसून जायची मी,” मंजुळाताई गाडीवरून उतरत म्हणाल्या. “तुम्ही ताकद वाढवलीत, आता पायथ्यालाच उतरायला लागला.”

सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्याचा तो चढ. मंजुळाताई त्या भागातल्या आरोग्य सेविका. मांडीवरचा लसीचा डबा त्यांनी खांद्याला लावला आणि चालू लागल्या. त्यांचा नवरा लहानू किका मारत राहिला. मी स्वतःच्या चपलांकडे बघत होतो. जव्हारला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

लहानूने नाशिकच्या एका हौशी माणसाकडून ही डर्ट बाइक घेतली होती. म्हणजे माती-दगडांत पळवायची उंच गाडी. टू-स्ट्रोक, वयाने मंजुळाताईंपेक्षा थोडीच लहान. लसीच्या दिवशी हा चालवणार आणि त्या मागे बसणार. पण शेवटच्या चढावर गाडी मान टाकायची. ताई चालत आधी पोचायच्या. पाड्यावरच्या बाया पोरं घेऊन ओट्यावर बसलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्यांदेखत लहानू गाडी ढकलत मागून यायचा.

“एकदा तिला न उतरवता वर न्यायचीय,” तो मला म्हणाला होता. “नायतर ती जीपनं पायथ्याला येणार नि चालत जाणार. माझ्यासंगं बसायची नाय, सांगलाय तिनं.”

ताकद वाढवायची म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. धूर बाहेर जायचा पोर्ट वरच्या अंगाने जरा घासला, की जास्त स्पीडला इंजिन जोरात पळतं. मोबाइलवर हे मी खूपदा पाहिलं होतं, गिऱ्हाईक मिळत नव्हतं. दोन दिवस कानस चालवली. मोखाडा रस्त्यावर लहानूने दोन जीपा मागे टाकल्या, आणि खुशीत मीच त्याला चहा पाजला.

चढावर मात्र गाडी हळू चालते, आणि हळू चालतानाचा जोर नेमका या घासण्याने जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, उत्साहात आठवलं नाही. आणि घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

त्या दिवशी लस देऊन ताई खाली आल्या. मी घासलेल्या पोर्टवर उपाय सांगायला लागलो.

“ते राहू द्या,” त्या म्हणाल्या. “हा गाडीत काय ओततो ते विचारलंत कधी?”

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, अगदी थोडं. मी लहानूकडे बघितलं.

“म्हातारी हाय ना ती,” तो म्हणाला. “जरा जास्त पाजतंय.”

“किती?”

“अंदाजानं.”

“आमच्या कोंबडीच्या रश्शाला एवढा तेल नसतो,” ताई म्हणाल्या. “एक लसीचा दिवस देते अजून. मग जीप.”

गॅरेजमध्ये सायलेन्सर खोलला. जळक्या तेलाची काजळी इतकी, की आत बोट जाईना. लाकडाच्या जाळावर धरून ठोकला तेव्हा पाटीभर निघाली. गाडीची ताकद कमी नव्हतीच, तिचा श्वास कोंडला होता. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. कानशीने केलेला घोळ निस्तरायला मागच्या चाकाचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, मोठा टाकला. त्याने पळणं कमी झालं, ओढ वाढली. ऑइल मोजायला ताईंनी औषधाच्या बाटलीचं झाकण दिलं. लिटरला तीन झाकणं, त्यावर थेंब नाही.

लसीच्या दिवशी मी चढाच्या माथ्यावर जाऊन थांबलो. पायथ्याला उभं राहायची हिंमत नव्हती. आधी आवाज आला, मग आंब्याच्या खालच्या अंगाला लहानूचं डोकं दिसलं आणि त्याच्यामागे ताईंचं. आंबा मागे पडला. गाडी सरळ ओट्यासमोर येऊन थांबली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

“उतर ना, पोचलो,” लहानू म्हणाला.

“बसू दे जरा,” ताई म्हणाल्या. “या बायांना नीट बघू दे.”

सपाटीला आता प्रत्येक जीप लहानूला हॉर्न मारून पुढे जाते. आणि मी, कुणी गाडीची ताकद वाढवायला आलं, की मागे कोण बसतं ते विचारतो. आधी त्यांच्याशी बोलतो. कानस नंतर.