काजं कोण करणार?

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षांनी मोठा असलेला सुपरवायझरसुद्धा! शर्टांना काजं पाडायचं मशीन अख्ख्या कारखान्यात फक्त तिचंच ऐकायचं. दुसऱ्या कुणी पायडल दाबलं, की ते दोरा तरी तोडायचं, नाहीतर कापड तरी खायचं. बारावीनंतर ‘वर्षभर करते’ म्हणून आलेली ताई या कौतुकापायी पाच वर्षं तिथंच अडकली.

धाकटा भाऊ तिथंच पॅकिंगला. गेल्या वर्षी त्याने कॉलेजचं नाव काढायचा अवकाश, सुपरवायझरने पाठ थोपटून सकाळची पाळी दिली. घरात खिडकीजवळचं टेबलही त्याचं झालं.

यंदा ताईनेही तेच मागितलं: कॉलेज आणि सकाळची पाळी.

आई म्हणाली, “जा की. पण संध्याकाळचा स्वयंपाक?”

सुपरवायझर म्हणाला, “जा की. पण काजं कोण करणार? माणूस तयार कर, पाळीच्या अर्जावर सही करतो.”

‘जा की, पण’ ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी तिने भावाच्या टेबलावर पुस्तकांशेजारी भाजी आणि सुरी ठेवली. तो कुरकुरला, पण चिरायला लागला. मशीनला मात्र वारस मिळेना. एका मुलीला शिकवलं, तिला शेजारच्या कारखान्याने पळवलं. एका मुलाला शिकवलं, तर तोच कॉलेजला निघाला. सुपरवायझरने त्याचीही पाठ थोपटली. ‘काजं कोण करणार?’ असं त्या मुलाला कुणी विचारलं नाही, याचंच तिला रडू आलं.

पाळीच्या अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती सुपरवायझरला म्हणाली, “काका, दोरा अडकतोय. जरा बसून बघता?”

काका बसले. बुधवारी पुन्हा बसले. “पाय हलका ठेवा हो, काका!” म्हणत तिने चिंध्यांवर त्यांचा हात बसवला. गुरुवारी तर ते न बोलावताच आले.

शुक्रवारी सात काजं ओळीत सरळ पडली. काका लहान मुलासारखे उठून ओरडले, “अरे या, बघा! जमतंय की मला!”

सगळे जमले. ताईने त्याच शर्टावर अर्ज ठेवला.

“माणूस तयार झाला, काका. सही करा.”

“अगं, पण...”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं.