पहिलं उत्तर

सुमनताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच फॉर्मवर ‘वेळ जास्त’ असा लाल शेरा मारत होते... हृदयविकाराचा झटका, म्हणाले. महिना झाला, तरी त्या शेऱ्याची लाज जात नाही.

खान्देशातली गावं सोडून शहरात, नवागामच्या वस्तीत आलेल्या बायकांच्या मनाची माहिती मोबाइलवर गोळा करायची, हे आमचं काम. सुमनताई दारोदार फिरायच्या, मी भेस्तानच्या ऑफिसात पंख्याखाली बसून फॉर्म तपासायचे. अ‍ॅपच्या मते एका बाईला बारा मिनिटं पुरेत. ताईंना तास लागायचा. मी चिडले की म्हणायच्या, “मॅडम, आपली खान्देशी बाई आधी ‘बरं शे’ असंच सांगते. दारात आलेल्या माणसापुढे रडगाणं कसं गाणार? दुसरा चहा झाला की खरं बोलते.” अ‍ॅपला पहिलंच उत्तर हवं असायचं, आणि मलाही. बाकीच्या मुलींचे फॉर्म झटपट यायचे, सगळे हिरवेगार. वरचे साहेब खूश!

कमलबाईंचं गाव धरणात गेलेलं. त्यांच्याकडे पाटावर बसून ताईंनी गवारीच्या शेंगा निवडून दिल्या, तेव्हा कुठे त्या बोलल्या, की आता जगावंसंच वाटत नाही. ताई तडक ऑफिसात आल्या. “मॅडम, डॉक्टर पाठवा.” मी वर विचारलं. उत्तर आलं, आपण फक्त माहिती घेतो. अरे, मग विचारता कशाला? हे मी तेव्हा ओरडून म्हणायला हवं होतं... म्हटलं नाही. फॉर्म पुढे ढकलला. ताईच मग दर गुरुवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, कमलबाईंना रिक्षाने सरकारी दवाखान्यात न्यायला लागल्या. स्वतःची छाती दुखते हे मात्र कुणाला सांगितलं नाही. कशा आहात विचारलं की हसून म्हणायच्या, “बरं आहे.” मीही पहिल्याच उत्तरावर थांबले.

परवा ताईंचे राहिलेले फॉर्म घेऊन मीच गेले. कमलबाईंना पहिला प्रश्न विचारला. “बरं शे,” त्या म्हणाल्या. माझं बोट सवयीने हिरव्या खुणेकडे गेलं. तेवढ्यात त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट पदराने पुसून पुढे सरकवला. “आठे सुमन बठे. तू भी बठ.”

बसले. बारा मिनिटं उलटून मोबाइल लाल झाला, तो पालथा ठेवला. दुसरा चहा संपल्यावर कमलबाईंनी हळूच विचारलं, “आते गुरुवारले मना संगे कोन येई?”