दुसऱ्या बाईची वार

नव्वदच्या सुमाराला मी जळगावच्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायचो. काही बाळं पोटातच का वाढत नाहीत, याचा शोध तिथल्या डॉक्टरबाई घेत होत्या. त्यांच्यासाठी मी एक जुना पंप, काचेची टाकी आणि हीटर जुळवून यंत्र केलं होतं. बाळंतपणानंतरची ताजी वार कोमट पाण्यात ठेवायची, तिला नळ्या जोडून आतून औषधी द्रव खेळवायचा आणि दाब किती चढतो ते बघायचं. वॉर्डातली आया म्हणायची, "भाऊ, मासे कधी सोडणार?"

बाईंची अट होती, आधी घरच्यांना विचारायचं. आमच्याकडे वार अंगणात पुरतात, त्यामुळे बहुतेक जण नकोच म्हणत. विचारायचं काम माझं.

एकदा पहूरकडची एक सून बाळंत झाली. दिवस पूर्ण भरलेले, पण मुलगी अगदी मुठीएवढी. बाईंना अशीच वार कधीची हवी होती, आणि अर्ध्या तासात जोडली नाही तर ती वाया जाते. सासू मडकं घेऊन दारातच उभी.

"भाऊ, आमनी वार दे. आंगणमा पुरनी शे."

मी विचारलंच नाही. एका दुसऱ्या बाईच्या घरच्यांनी दिलेली वार टेबलावर होती. तीच मडक्यात घातली.

"आमनीच शे ना?"

"तुमचीच, अक्का."

तिनं वर हळद-कुंकू वाहिलं.

यंत्रावर दाब चढतच गेला. पंप अडकला असं मला वाटलं, पण पंप ठीक होता. वार कापली तर निम्मी पांढरी, कडक. रक्ताला वाटच नव्हती.

"पुढच्या खेपेलाही असं होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "पाचव्या महिन्यापासून तिनं इथं यायला हवं. मीच जाऊन सांगते."

वार कापून बघितली म्हटल्यावर सासू विचारणार, मग आमच्या मडक्यात आहे ती कुणाची?

"तुम्ही कशाला, मी सांगतो," मी म्हणालो आणि खाली गेलो.

"काय म्हने डॉक्टरीण?" सासूनं विचारलं.

"काही नाही. पोरीला ऊब द्या."

मुलगी जगली. दोनेक वर्षांनी तीच सून आठव्या महिन्यात आली, तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. बाई चिडल्या. "पाचव्यापासून या म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"आमले कोनी सांगं?" सासू म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं होतं, अक्का," मी म्हणालो. "तुम्ही विसरलात."

ती भांडली नाही. सुनेकडे वळून म्हणाली, "मीच इसरनू व्हसू, बेटा." सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बाईंनी केसपेपरवर लिहिलं, सांगूनही आल्या नाहीत. ते खोटं आहे. सासू काही विसरली नव्हती. त्या घराला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम मी मागून घेतलं होतं.