कर्ज काढून शिकलेलं ऑफिस

रीना, प्रफुल आणि मी भेटलो, की पाच मिनिटं तब्येतपाणी आणि मग एकच विषय. सौंसरच्या एका खासगी इन्स्टिट्यूटमधला आमचा दोन वर्षांचा 'ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन'चा कोर्स! दर भेटीत एखादा किस्सा वाढतोच. ऐकणारे पोट धरून हसतात. आम्हीही हसतो. पण खरं सांगू? मला अजून राग येतो.

*

ॲडमिशनच्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले होते. बाबा पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करतात. बोलतात कमी, पण बोलले की समोरच्याची पंचाईत होते.

डायरेक्टर सरांनी चकचकीत पुस्तिका उघडली. "कोर्स झाला की पंधरा ते वीस हजार कुठं गेले नाहीत!"

बाबा म्हणाले, "सर, बाहेर फोन उचलून राहिली ते पोरगी कोन?"

"आमचीच पासआउट! फर्स्ट क्लास!" सर खूश.

"तिले किती देता?"

सरांनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "ती सध्या ट्रेनी आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला कोर्स करायचा होता. वर्गातल्या सगळ्या पोरी काही ना काही करून राहिल्या होत्या, मीच घरी बसू का?

*

फीचे पैसे घरात नव्हते. बँकेत गेलो. लोनच्या टेबलावरच्या साहेबांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "हे शिकून किती भेटतील?"

"वीस हजारापर्यंत," मी म्हटलं.

साहेबांनी कोपऱ्यात फायली लावणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. "तो पाहा. हेच काम करून राहिला. ठेकेदार त्याले नऊ हजार देते."

मला वाटलं, झालं, लोन नामंजूर! पण साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "इथं, इथं अन् मागच्या पानावर सही करा."

बाहेर आल्यावर बाबा पायरीवरच थांबले. "मायबाप, त्याले सगळं माहीत होतं! तरी सही घेतली!"

*

दुसऱ्या वर्षी आम्हाला 'टेलिफोन एटिकेट'चं प्रॅक्टिकल होतं. म्हणजे काय? तर बारावी झालेल्या पोरांची यादी हातात द्यायची आणि आम्ही त्यांना फोन करून ॲडमिशनला बोलवायचं! फी आमची, मेहनत आमची आणि गिऱ्हाईक त्यांचं!

रीना लोधीखेड्याची. तिच्या यादीत तिच्याच गल्लीतली एक पोरगी निघाली. सर शेजारी उभे होते. रीना गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! मी इन्स्टिट्यूटमधून बोलून राहिली. आपण कशा आहात? बाई, इकडे फिरकू नको. त्यापेक्षा कॉलेजात बीएला जा. धन्यवाद, आपला दिवस शुभ जावो!"

पूर्ण वर्गात प्रॅक्टिकलला नापास झालेली ती एकटी. आणि फोन तर तिच्याइतका अदबीनं कोणीच केला नव्हता!

*

आमचं शिक्षण चालू असतानाच पांढुर्णा जिल्हा झाला. तिगावचा प्रफुल तर हवेतच! "आता ऑफिसंच ऑफिसं येतात पाह्य. प्रत्येकाले बाबू लागन."

कोर्स संपल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन तो एका नव्या ऑफिसात गेला. तिथल्या मोठ्या बाबूंनी त्याला आदरानं बसवलं, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर. खुर्च्याच नव्हत्या!

"मानसं तर बदली होऊन आली भाऊ," ते म्हणाले. "टेबल कुठं भेटन ते सांग."

प्रफुलच्या जावयाचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, फर्निचरचं दुकान आहे. त्यानं तिथल्या तिथं जावयाला फोन लावला. आता तो त्याच दुकानात काम करतो. आमच्या बॅचमध्ये सर्वात जास्त कमाई त्याचीच! सर्टिफिकेट त्यानं अजून इन्स्टिट्यूटमधून आणलंसुद्धा नाही.

*

मला एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलं. शेटजींनी माझी फाइल उलटूनपालटून पाहिली.

"अनुभव?"

"नाही जी. कोर्स केला, दोन वर्षांचा."

"मंग सात हजार. अनुभव असता तर वाढवून दिले असते." त्यांनी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मनीषाकडे मान वळवली. "हे बारावी झाल्याबरोबर आली. दोन वर्षांत सगळं शिकली. नऊ हजार घेते. तू दोन वर्षं काय करून राहिली होती?"

मी म्हटलं, "तुमच्यासारख्या ऑफिसात काम कसं करायचं, ते शिकून राहिली होती."

"तेच तर!" शेटजी म्हणाले. "इनं पगार घेऊन शिकलं, तुवा पैसे देऊन!"

त्या दिवशी मी घरी जेवले नाही. चूक माझी होती का? मग राग माझ्यावरच का येत होता? नोकरी मात्र धरली. बँकेचा सव्वीसशेचा हप्ता सुरू झाला होता.

*

आणि मग मागच्या उन्हाळ्यात रीनाचा फोन आला. "अवं वर्षा, तुही पगारवाढ झाली अन् सांगितलंबी नाही? सौंसरच्या चौकात फ्लेक्स लागला आहे तुहा!"

मी गेले. माझ्या इन्स्टिट्यूटच्या ओळखपत्रावरचाच फोटो, माणसाएवढा मोठा केलेला! खाली लिहिलं होतं, 'वर्षा, पांढुर्णा. पगार महिना वीस हजार!' तशीच समोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिरले. हॉलमध्ये नव्या पोरांचे मायबाप भरलेले. सरांनी मला पाहिलं आणि चेहरा फुलवला, "या, या! आमची स्टार स्टुडंट! सांग बेटा यांना, तुझ्या तोंडानं सांग!"

आणि माइक माझ्या हातात दिला.

मी पर्समधून बँकेचं पासबुक काढलं आणि वाचायला लागले. "पगार जमा, सात हजार. लोनचा हप्ता कपात, दोन हजार सहाशे. पगार जमा, सात हजार. हप्ता कपात, दोन हजार सहाशे." पूर्ण पान वाचलं. सर माइककडे हात करून राहिले होते, पण मी सोडला नाही.

मागच्या रांगेतून पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा उठले. सोबत नात होती. त्यांनी आधी खिडकीबाहेरच्या फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे. आणि अगदी खऱ्या काळजीनं विचारलं,

"सर, मंग या पोरीचे बाकीचे तेरा हजार कोन खाऊन राहिलं?"