बटणमावशींनी बाद केलेलं वर्ष

बटणमावशी पहिल्यांदा माझ्या नजरेत भरल्या त्या मला माझ्याच वर्गाबाहेर काढताना. मुलांच्या बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीपाशी घेऊन त्या बसल्या होत्या. समोर एक पाच वर्षांचा गृहस्थ, मध्ये बटणांच्या दोन रांगा.

"बाई, रागावू नका, पण जरा बाहेर थांबता का?"

"का हो? मी काय चावते मुलांना?"

"तसं नाही. तुम्ही असलात की मुलं बटणांकडे बघतच नाहीत. उत्तर बरोबर आलं की तुमच्या भुवया वर जातात, ते बघतात."

अठरा वर्षं शिकवत होते, पण माझ्या भुवयांबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. मी निमूट व्हरांड्यात गेले.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात त्या हंगामी मदतनीस होत्या. बटणं नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानातली, म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव पाडलं. काम सांगायला सोपं होतं. समोरासमोर सात-सात बटणं मांडायची. मग मुलाच्या देखत एक रांग पसरून लांब करायची आणि विचारायचं, "या रांगेत जास्त, त्या रांगेत जास्त, की दोन्हींत सारखीच?" लहान मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. सातव्या-आठव्या वर्षी कळायला लागतं की रांग पसरली तरी बटणं तेवढीच राहतात. मुलांची समज अशी पायरीपायरीने चढते, असं जुनं मत. विभागात हा अभ्यास चालवणाऱ्या मॅडमना ते पटत नव्हतं. समज आधीच येते, आपलंच विचारणं चुकतं, असं त्या म्हणत. म्हणून वेगवेगळ्या शाळांतली पाच वर्षांची एकशे बारा मुलं निवडली होती. तीच मुलं दरवर्षी पुन्हा भेटायची, थेट मोठी होईपर्यंत.

मावशींचं काम मी दाराआडून बघत असे. उत्तर चूक येवो की बरोबर, त्या एकाच आवाजात म्हणत, "बरं, कळलं." मूल रात्री नीट झोपलं नसेल तर त्या दिवशी विचारायच्या नाहीत, दोन बस बदलून पुन्हा यायच्या. माझ्या एका विद्यार्थिनीला शिंका येत होत्या, तर तिच्यासाठी तीनदा आल्या. मी म्हटलं, "अहो, एका मुलीनं काय बिघडणार आहे?" तर म्हणाल्या, "तिचं बिघडेल ना. सर्दीचं उत्तर तिच्या नावावर कशाला लावू?"

त्या वर्षीचा निकाल अजब लागला. पाच वर्षांच्या या मुलांतली निम्म्याहून जास्त "सारखीच" म्हणाली. मॅडम हरखून गेल्या. मोठ्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, आणि मावशींची नेमणूक आता कायम होईल, असं त्यांच्या घरी सगळे धरून चालले.

आमच्या शाळेतला शेवटचा दिवस. मावशी पिशवी भरत होत्या. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी मैत्रिणीला शिकवत होती, "सोप्पं असतं गं! मावशींची पेन्सिल कागदाला टेकली की तेच म्हणायचं."

मावशींचा हात पिशवीतच राहिला.

तिसरा पर्याय उच्चारताना लिहायच्या तयारीने त्यांची पेन्सिल खाली येत असे. चेहरा त्यांनी दगडासारखा ठेवला होता, हात मात्र राहून गेला होता. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "बाई, उद्या मला चार मुलं द्याल? या यादीतली नकोत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रांगा पसरल्याच नाहीत. बटणासमोर बटण, कुणीही सारखीच म्हणेल अशी. आणि "या रांगेत जास्त" म्हणताना मुद्दाम पेन्सिल टेकवली. चारांतल्या तिघांनी त्याच रांगेकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला पुढे त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. मॅडमना सगळं सांगणार, असं मावशींनी म्हटल्यावर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"ती मुलं समजून बोलली की बघून, हे मलाच माहीत नाही. मग ते कागदावर कसं राहू देऊ?"

नवरा काज करत होता. एवढंच म्हणाला, "शिवण चुकली तर उसवावी लागते, आई. गिऱ्हाइकाला दिसो न दिसो."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ही मुलं परत पाच वर्षांची होणार नाहीत, कळतंय ना तुम्हाला?"

"म्हणून तर आज आले. पुढची पंधरा वर्षं आपण यांचं प्रत्येक उत्तर याच वर्षाशी ताडून बघणार."

निबंध मागे घेतला गेला. ते सगळं वर्ष बाद झालं. महिनाअखेर नेमणूक संपली, ती पुढे वाढली नाही. मावशी दुकानात बसून बटणं लावू लागल्या. मी ब्लाउज टाकायला गेले की आधी मुलांची चौकशी करत, मग माप घेत.

आठ महिन्यांनी मॅडम स्वतः दुकानात आल्या. हातात कोट. "बाही जरा आखूड करायची होती."

मावशींच्या नवऱ्याने बाही मापली, पुन्हा मापली. "बाही बरोबर आहे, मॅडम. ती आत आहे."

मॅडमना हसू आलं. आत जाऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी दोघींना घेतलं. वीस मुलांनी घरं बदललीत, या दोघींना त्यांतलं एकही सापडत नाही. आणि काय चुकतंय हेही मला कुणी सांगत नाही. याल का?"

"येईन, पण एक अट. विचारणारी वेगळी आणि लिहिणारी वेगळी. लिहिणारी पडद्यामागे."

तेव्हापासून त्या विभागात तसंच चालतं. पुढच्या वर्षी त्याच मुलांना तसं विचारलं. समज थोडी आधी येते, पण मॅडमना वाटलं होतं तितकी नाही, असं निघालं. मॅडमनी तो निबंध छापला, आणि त्यात बाद वर्षाची हकिगत कारणासकट दिली.

ती मुलं आता तिशीला टेकलीत. मावशी एकसष्ट वर्षांच्या आहेत. दर मंगळवारी सकाळी विभागात बसून त्या त्यांना एकेक करून फोन लावतात, आणि एकशे बारांपैकी सत्त्याण्णव जण अजून तो उचलतात.