लगाम सोडला की थांबते

घोडी पुण्याहून आली तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. टेम्पोवाल्यानं मागचा फाळका सोडला. लोखंडावर लोखंड आपटलं, आणि उतरायला फळी लावायच्या आत घोडीनं बाहेर उडी घेतली. तिचे पुढचे गुडघे मातीत टेकले. उठून उभी राहिली ती थरथरतच.

तिच्याबरोबर एक म्हातारा आला होता. शर्यतीच्या तबेल्यात चार वर्षं त्यानं तिची चाकरी केली होती. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, टेम्पोवाल्याशी बोलत होते. म्हातारा पाणी मागायला माझ्याकडं आला आणि तांब्या हातात धरून म्हणाला, "बेटी, घरात जनावराचं कोण बघतंय? तूच ना?"

मी मान हलवली.

"मंग ध्यानात ठेव. हिचा लगाम वढायचा न्हाय. तिकडं वर बसणारा लगाम घट्ट धरतो, तवा ही जोर करती. जितका वढशील तितकी पळंल. थांबवायची आसंल तर ढिला सोड. आन फाटक वाजलं की संबाळ. शर्यतीत फाटक वाजलं म्हंजे सुटायचं, एवढंच हिला शिकवलंय."

त्यानं पाणी प्यायलं, घोडीच्या मानेवर एकदा हात फिरवला आणि टेम्पोत जाऊन बसला. टेम्पो वळेपर्यंत मी बघत होते. त्यानं मागं पाहिलं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या नवरदेवाची घोडी आहे. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीला जातो, तिथं पोशाख चढवून मांडवात येतो. आमच्याकडं त्याला परण्या म्हणतात. आमची जुनी पांढरी घोडी श्रावणात पोट फुगून मेली. ती इतकी गरीब होती की हलगी कानाशी वाजली तरी डोळे मिटून उभी राहायची. नवी घोडी राखाडी पांढरी होती, म्हणूनच मालकांनी ती घेतली. पुढच्या पायाची शीर सुजल्यामुळं शर्यतीतून बाद झाली होती. चालायला तिला काही अडचण नव्हती.

पहिले आठ दिवस तिनं कडब्याला तोंड लावलं नाही. खुंट्याला बांधलं की मान डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हलवत दिवसभर डुलत राहायची. सासूबाईंना डोळ्यांनी अंधुक दिसतं. बाजेवर बसून त्या म्हणाल्या, "काय गं, हिच्या अंगात आलंय का? इचार की, कोणती देवी हाय म्हणून."

"तिला मोकळं वाटत नसंल, आत्याबाई."

"मोकळं कुणाला वाटतंय?" त्या म्हणाल्या आणि पान कुटायला लागल्या.

मालकांची शिकवायची रीत त्यांच्या वडलांची. हलगीपुढं बांधायचं, पाठीवर वाळूचं पोतं टाकायचं, हललं की लगामाला हिसका आणि फोक. जुन्या घोड्या तशाच तयार झाल्या होत्या. ही मात्र हिसका बसला की पुढं झेपावायची. ते ओढायचे, ती ओढायची. त्यांच्या तळहाताची साल निघाली. मी भीत भीत म्हटलं, "त्यो म्हातारा म्हणाला व्हता, लगाम ढिला सोडा म्हणून."

"ढिला सोडला तर धाराशिवला जाऊन थांबंल," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आधी तिनं त्यांना सडकेवर पाडलं. खांद्याचं हाड सरकलं, हात गळ्यात आला. त्याच आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम घोडी बघून गेला. तोंड उघडून दात पाहिले, सुजलेल्या शिरेवर अंगठा दाबला. "गाड्याला चालंल," म्हणाला. भट्टीवरची जनावरं मी सडकेनं जाताना पाहिली आहेत. त्यांच्या पाठीवर केस नसतात.

मुकादम गेल्यावर मी मालकांना म्हटलं, "मी बघू का तिच्याकडं?"

ते हसले. मग हात दुखत होता म्हणून की काय, म्हणाले, "बघ. तुळशीच्या लग्नापातुर. तवर हलगीपुढं उभी ऱ्हायली तर ठेवू. न्हायतर मुकादमाला सांगतो न्यायला."

माझा दिवस तेव्हा असा होता. उठून म्हैस पिळायची, भाकरी थापायच्या, आत्याबाईंची अंघोळ, आणि आठला तामलवाडीकडच्या द्राक्षबागेत काड्या बांधायला जीप. परत यायला पाच वाजायचे. घोडीसाठी सकाळी अर्धा तास मिळायचा आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत. सोयाबीन निघालेलं आमचं रान मोकळं होतं. तिथं मी तिला न्यायची.

मला काही येत नव्हतं. फक्त दोर ढिला ठेवायचा एवढं माहीत होतं. मी चालायची, ती मागून यायची. मी थांबून दोर सैल सोडला की "बास गं" म्हणायची. पहिले दोन दिवस ती माझ्या पाठीवर येऊन आदळली. तिसऱ्या दिवशी थांबली. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण रानात कुणी नव्हतं आणि असतं तरी मी सांगितलं नसतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथंही बाईंनी नाव घेतलं की नुसती उभी राहायची. उत्तर यायचं, तोंडातून निघायचं नाही.

ती उजवीकडं सहज वळायची, डावीकडं वळायचं म्हटलं की अडायची. शर्यतीत त्यांना एकाच बाजूनं पळवतात म्हणे. विहीर डाव्या हाताला ठेवून तिला हिंडवायला मला पंधरा दिवस लागले.

एका सकाळी मी तिच्यावर बसले. बांधाच्या दगडावर चढले, लुगड्याचा काष्टा घातला आणि बसले. आमच्यात घोड्या सांभाळल्या त्या बायकांनीच, पण वर कधी कुणी बसली नाही. तिचं अंग खालून गरम लागत होतं. दोर हातात सैल होता. ती चालायला लागली तेव्हा मला तामलवाडीच्या बागा दिसल्या, सडक दिसली. इतक्या उंचावरून मी माझं रान कधी पाहिलं नव्हतं. "बास गं" म्हटलं, ती थांबली. त्यानंतर मी रोज बसायची, कुणी यायच्या आधी.

हलगी मला कोण वाजवून देणार? मी घमेलं वाजवायची. आत्याबाई अंगणातून ओरडायच्या, "परण्या निघाला गं बया! नवरदेव कुठं हाय?"

"तुमीच बसा की आत्याबाई," मी म्हणायची. त्यांच्याशी मला बोलता यायचं.

"बसते की. बाशिंग आण."

घमेल्यानंतर डबा, डब्यानंतर दिवाळीत राहिलेल्या लवंग्या. ती कान टवकारायची, थरथरायची, पण दोर सैल असला आणि मी बोलत राहिले की उभी राहायची. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मालकांनी हलगीवाला आणला. घोडी उभी राहिली. मालक तिच्याभोवती एकदा फिरून आले. मग म्हणाले, "भट्टीवाल्याला नगं म्हणून सांगतो." लगाम कसा धरायचा ते त्यांनी मला विचारलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला कसं करायचं हे पहिल्यांदा विचारलं.

मी लगामाचं सांगितलं. फाटकाचं सांगितलं नाही. आमच्या अंगणाला फाटक नाही, काट्याची झाप आहे. ते बोलणं मी विसरून गेले होते.

तीन परण्ये चांगले झाले. एक अणदूरला झाला. मालक आल्यावर आत्याबाईंना सांगायचे, लोक विचारतात घोडी कुणी तयार केली. "काय सांगितलंस मंग?" आत्याबाई विचारायच्या. ते नुसते हसायचे.

चौथा परण्या गावातलाच होता. आमच्या मारुतीला त्याच वर्षी कुणीतरी लोखंडी फाटक दिलं होतं, दोन दारांचं, जड. नवरदेव घोडीसकट आत गेला. पोशाख चढवताना गर्दी होते म्हणून पोरांनी फाटक लावून घेतलं. आम्ही बायका बाहेर आरतीची ताटं घेऊन उभ्या होतो. नवरदेवाला आत ओट्यावरूनच घोडीवर बसवलं.

आमच्या भागात मारुतीपासून मांडवापर्यंत लगाम धरायचा मान दाजीचा असतो, म्हणजे नवरदेवाच्या बहिणीच्या नवऱ्याचा. घोडीवाला तेवढा वेळ बाजूनं चालतो. बाकीच्या परण्यांत मालक दाजीला आधी समजावून सांगायचे. इथं नेमकं गावातल्या मोठ्या माणसांनी मालकांना मानाचा फेटा बांधायला ओट्यावर बसवलं. तेही खूश होते. दाजी तालुक्याचा माणूस, चार घोट घेतलेला. त्यानं लगामाचे हाताभोवती दोन वेढे घातले आणि घोडीच्या तोंडापाशी गच्च धरला. बाजूचा एक जण म्हणाला, "दाजी, जपून, शर्यतीची घोडी हाय." दाजी म्हणाला, "आरं, तुझ्या बहिणीला आवरलं, हिला काय घेऊन बसलास!" सगळे हसले.

मी फाटकाच्या गजांतून बघत होते. घोडी बंद फाटकाकडं तोंड करून उभी होती, लगाम ताणलेला. तिचे कान पुढं गेले, अंग मागच्या पायांवर गेलं, आणि ती थरथरायची थांबली. अगदी स्थिर झाली. तेव्हा मला म्हातारा आठवला, तांब्या हातात धरलेला. आठवला तो सगळाच आठवला.

मला एवढंच म्हणायचं होतं, दाजी, लगाम सोडा. फाटक उघडू नका. मालक ओट्यावर होते, त्यांचं लक्ष नव्हतं. दाजी माझ्यापासून चार हातांवर होता. माझ्या डोक्यावर पदर, हातात ताट, आजूबाजूला अर्धं गाव. मी तोंड उघडलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मला वाटलं, मालक आता बघतील. मला वाटलं, कदाचित काही होणार नाही. मी मोठ्यानं बोलले आणि काही झालं नाही तर?

पोरांनी फाटक ढकललं, दोन्ही दारं दगडी खांबांवर आपटली.

घोडी निघाली ती एका उडीत बाहेर. दाजीनं ओढलं, वरून नवरदेवानं ओढलं. बायका दोन्ही बाजूंना पडल्या. ती उजवीकडं वळली, तिला जसं शिकवलं होतं तशी, आणि भिंतीच्या कडेनं देवळापुढच्या पाराला वळसा घालायला लागली. नवरदेव पाराच्या दगडावर पडला. दाजी हाताला अडकून फरपटत गेला. मग वेढा सुटला.

"बास गं," मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती थांबली. माझ्या आवाजानं थांबली की लगाम ढिला झाला म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. दाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. नवरदेवाची मांडी मोडली होती. लग्न त्या दिवशी लागलं नाही. पुढं लागलं, पण नवरदेव अजून एका बाजूला कलूनच चालतो. आमच्या दारावरून गेला की मी आत जाते.

त्या संध्याकाळी मालकांनी मला विचारलं, "तू फाटकापाशीच व्हतीस ना? त्यानं वेढा घातलेला तुला दिसला न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं.

"दिसला आसता तर बोलली आसतीस."

आत्याबाई बाजेवर होत्या. त्यांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, पण त्या बराच वेळ तशाच बघत राहिल्या.

गावानं ठरवलं, घोडी खुनशी आहे. मालकही तसंच म्हणायला लागले. मी एक शब्द काढला नाही. खरं सांगितलं असतं तर घोडी राहिली असती की नाही मला माहीत नाही, पण दोष तरी तिच्या एकटीच्या अंगावर गेला नसता.

मुकादम टेम्पो घेऊन आला. घोडी कुणाला चढवता येईना. चौघांनी ओढलं, ती चौघांना घेऊन मागं गेली. शेवटी मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "तूच चढव." मी दोर ढिला धरून फळीवर चढले. ती माझ्या मागून आली. आत गेल्यावर मी "बास गं" म्हटलं आणि ती थांबली. मी तिला गजाला बांधलं.

खाली उतरून मी मुकादमासमोर उभी राहिले. परक्या माणसाशी मी आपणहून बोलले ती पहिली वेळ. म्हटलं, "लगाम वढू नका तिचा. वढला की पळती. सोडला की थांबती."

त्यानं तंबाखू थुंकली. तसा वाईट माणूस नव्हता तो. "ताई," तो म्हणाला, "भट्टीवर जनावर थांबवायचं कुणाला आसतंय?"

फाळका लावायला त्याचा माणूस आला. मी म्हटलं, हळू लावा. त्यानं हळूच लावला.